नवरीचा थेंब

गोलोब्नित्सा गुहेच्या दारावर हात न लावण्याची सूचना पाच भाषांत लिहिलेली आहे, आणि ती वाचून आत जाऊन हात लावणारे लोक अल्बिनाने पाचही भाषांतले पाहिले होते. एक्केचाळीस वर्षं ती त्यांना गुहा दाखवत आली. "हात खिशात!" ही तिची पहिली आरोळी, आणि शेवटचीही तीच. एकदा एका बिशपच्याही हातावर तिने विजेरी टेकवली होती. गावकरी आठवडाभर त्याचीच चर्चा करत होते.

त्या सोमवारी सकाळी तिच्या स्वतःच्याच घरात तिला थांबवायचा प्रयत्न झाला. बिनकोश्तीचा सण, ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा. ग्राबोवित्सा गावात हा सण गुहेतच होतो. बँडवाले खाली मोठ्या दालनात वाजवतात, लोक नाचतात, आणि नाच सुरू होण्याआधी नवरी-नवरदेव म्हणतात त्या दोन दगडी सुळक्यांमधलं अंतर मोजलं जातं. मोजते अल्बिना. त्याआधी तिचे वडील युस्टो मोजायचे.

"आज नको जाऊस," नवरा म्हणाला. कार्लो पाथरवट होता. गावातल्या निम्म्या खिडक्यांचे उंबरे आणि कबरस्तानातले बहुतेक दगड त्याच्या हातचे. तो कॉफीच्या कपाकडे बघत बोलत होता. "गुडघा सुजलाय तुझा. झ्वोन्को मोजेल."

"झ्वोन्को? त्याला स्वतःच्या खानावळीतल्या खुर्च्या मोजता येत नाहीत."

"पायऱ्या ओल्या असतात, अल्बिना."

"पायऱ्या लाखो वर्षं ओल्या आहेत. आजच आठवलं तुला?"

कार्लो उठला आणि अंगणात गेला. अल्बिनाच्या अंगाचा तिळपापड झाला. गुडघ्यासाठी तीन दिवस शहरातल्या इस्पितळात काय राहिली, घरी आल्यापासून सगळे तिच्याशी आजारी कोंबडीशी वागावं तसे वागत होते. गुहेत जायची वेळ आली की कुणीतरी आडवं यायचं. दिवे बसवायचे आहेत, रंग ओला आहे, तारा उघड्या आहेत, तू थकली असशील. अकरा दिवस तिने ऐकून घेतलं होतं. त्रेसष्ट वर्षांच्या बाईला म्हातारी म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा, असं तिचं म्हणणं होतं.

तिने कपाटातून फडक्यात गुंडाळलेली पट्टी काढली. चेरीच्या लाकडाची ती पट्टी, जेमतेम चार बोटं लांब. अल्बिना जन्मली त्या वर्षी युस्टोने ती नवरी आणि नवरदेवाच्या मधल्या फटीत बरोबर बसेल अशी कापली होती. तेव्हापासून दरवर्षी पट्टी त्या फटीशेजारी धरायची, नवरदेवाचं टोक जिथवर आलं असेल तिथे पेन्सिलीने बारीक रेघ मारायची, असा रिवाज. पट्टी आता फटीपेक्षा आठ मिलिमीटर लांब झाली होती. म्हणजे त्रेसष्ट वर्षांत दोघं आठ मिलिमीटर जवळ आली होती. रेघा इतक्या दाट होत्या की त्या वाचायला आता भिंग लागायचं.

तिने गळ्यात किल्ली अडकवली. गुहेच्या लोखंडी दाराच्या किल्ल्या तीनच. एक तिची, एक कार्लोची, एक मंडळाच्या अध्यक्षाची. नियमही एकच होता आणि तो युस्टोने केलेला: गुहेतला सुळका जो मोडेल त्याने सगळ्यांसमोर किल्ली ठेवायची आणि पुन्हा आत यायचं नाही. युस्टोच्या सख्ख्या भावाने, विक्टोरने, पैज लावून एक सुळका पाडला, तेव्हा युस्टोने बिनकोश्तीलाच त्याच्याकडून किल्ली घेतली. विक्टोरकाका त्यानंतर एकोणीस वर्षं जगला. दारापासून पन्नास पावलांवर राहत होता, पण आत आला नाही.

गुहेच्या दारात झ्वोन्को उभा होता, पांढरा शर्ट, कॉलरला माइक. दोन वर्षांपूर्वी तो मंडळाचा अध्यक्ष झाला. गुहेत पहिल्यांदा त्याला अल्बिनानेच हाताला धरून नेलं होतं, सहा वर्षांचा असताना. तेव्हा भीतीने त्याने तिच्या बुटावर ओकारी केली होती, या गोष्टीची ती त्याला अधूनमधून आठवण करून द्यायची.

"अल्बिनामावशी! अहो, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"सण आहे ना आज?"

"आहे की. पण यंदा आपण मोजणं जरा लांबूनच करू. नवीन कठडा बसवलाय, त्याच्या आत आता कुणीच जायचं नाही. तुम्हीच नाही का सांगत, लांब राहा म्हणून?"

"मी लोकांना सांगते. मी लोक नाही."

"मग पट्टी माझ्याकडे द्या. मी कठड्यावरून धरतो."

"तुझ्याकडे देण्यापेक्षा चुलीत घालीन," असं म्हणून ती त्याला ओलांडून आत शिरली.

तिच्या मागे दीडदोनशे माणसं उतरली. निम्मे गावचे, निम्मे बाहेरचे, पोरांसकट. बँडवाले पितळी वाद्यं सांभाळत भिंतीला घासून चालले होते, तर ती त्यांच्यावरही खेकसली. नव्या दिव्यांनी गुहा अशी उजळली होती की तिला ती ओळखू येईना. तांबड्या मातीच्या पाण्याने रंगलेले पट्टेदार दगडी पडदे प्रशुतच्या, म्हणजे खारवून सुकवलेल्या डुकराच्या मांडीच्या, पातळ कापांसारखे आरपार दिसत होते, हे मात्र तिला मनातून आवडलं. तसं ती झ्वोन्कोला कधीच सांगणार नव्हती.

दालनात पोचल्यावर एक आवाज तिच्या कानाला खटकला. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्, पत्र्यावर पडल्यासारखा. एवढे दिवे आणलेत, त्यातलाच एखादा डबा वाजत असेल, असं ती मनात म्हणाली आणि लोकांकडे वळली.

नवरी दालनाच्या मधोमध आहे. जमिनीतून वर आलेला पांढराशुभ्र सुळका, अल्बिनाच्या खांद्याएवढा. तिच्यावर, छताच्या बाहेर आलेल्या खडकातून खाली लोंबणारी बोटाएवढी जाड, दीड मीटर लांब, पोकळ नळी. तो नवरदेव.

"वर काय आहे आत्ता आपल्या डोक्यावर?" अल्बिनाने विचारलं. "सांगा, सांगा. गवत आहे, काटेरी झुडपं आहेत, मेंढ्यांच्या लेंड्या आहेत. पाऊस त्यातून खाली येताना मातीतला वायू पितो आणि सोडावॉटरसारखा आंबट होतो. आंबट पाणी चुनखडीचा दगड खातं. कसं खातं? तुमच्याआमच्यापेक्षा सावकाश. खात खात खाली गुहेत आलं की तो वायू उडून जातो, बाटलीचं बूच काढल्यावर जातो तसा. मग खाल्लेला दगड पाण्याच्या पोटात राहत नाही. थेंब टोकाला लोंबतो, त्याच्या कडेला दगडाचं केसाहून बारीक कडं चिकटतं. मग दुसरा थेंब, दुसरं कडं. अशी ही नळी झाली. पाणी तिच्या आतून येतं, बाहेरून नाही. भिंत अंड्याच्या टरफलाएवढी आहे. आणि थेंब पडताना उरलेला दगड घेऊन पडतो, तो हिच्या डोक्यावर. नवरदेव जे देतो त्यावर नवरी वाढते. दर तेविसाव्या सेकंदाला एक थेंब. युद्धात पडला, दुष्काळात पडला, आपण सगळे झोपलो होतो तेव्हाही पडला."

"लग्न कधी मग?" मागून कुणीतरी विचारलं. दरवर्षी कुणीतरी विचारतंच.

"पाचशे वर्षांनी. तुला आमंत्रण पाठवते."

लोक हसले. तिने बूट काढले, कठडा ओलांडला आणि मोज्यांनी आत गेली, कारण बुटांचा चिखल नवरीच्या पायाशी लागू द्यायचा नाही, हीसुद्धा युस्टोची शिकवण.

"मावशी, जपून!" झ्वोन्कोचा आवाज माइकमधून घुमला. "मंडळी, आपल्या मावशी यंदाही ऐकायला तयार नाहीत!"

अल्बिनाने फडकं सोडलं आणि पट्टी फटीशेजारी धरली. दरवर्षी पट्टीचा वरचा भाग नवरदेवाच्या टोकाच्या वर यायचा. यंदा वर आला नाही. तिने डोळे चोळले. पट्टी जरा सरकवली. मग जे एक्केचाळीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं, पट्टी सरळ फटीत धरली. ती सहज बसली. वर थोडी जागाही उरली.

गुहेतली फट वाढली होती. गुहेत फट कधी वाढत नाही.

"काय झालं मावशी?" झ्वोन्को माइकमधून म्हणाला, त्याचा आवाज चढला होता. "नवरदेव मागे सरला वाटतं! लग्नाचं नाव काढलं की पुरुष असंच करतात!"

दालनभर हशा पिकला. अल्बिना हसली नाही. ती नवरीच्या डोक्याकडे बघत होती. ते नेहमी ओलं, दुधाच्या सायीसारखं चमकणारं असायचं. आज ते कोरडं होतं. खडूसारखं, मेलेलं कोरडं. ती मोजू लागली. वीस, एकवीस, बावीस, तेवीस. थेंब आला नाही. पण तेविसाव्याला मागे पत्र्यावर टक् झालं.

तिने मान वळवली. वीतभर बाजूला, छतावर नवा ओला डाग होता, आणि त्याखाली नव्या दिव्याचा डबा. नवरीचं पाणी त्या डब्यावर पडत होतं.

मग तिने खिशातलं भिंग काढलं आणि नवरदेवाच्या नळीला अगदी जवळून डोळा लावला. टोकापासून बोटभर वर एक रेघ होती. केसाएवढी, सरळ, गोल फिरलेली. इतका सुरेख सांधा त्या भागात एकच माणूस बसवतो. तसाच सांधा तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला होता. तसाच तिच्या बापाच्या कबरीवर.

तिच्या डोळ्यांसमोर कॉफीच्या कपात बघणारा कार्लो आला.

"कार्लो," ती म्हणाली. ओरडली नाही. पण दालनातला गोंगाट थांबला. "इकडे ये."

कार्लो गर्दीतून पुढे आला. टोपी हातात होती.

"हे कधी?"

"तू इस्पितळात होतीस," तो म्हणाला. "दिवेवाल्याची शिडी लागली. टोक खाली पडलं, पण फुटलं नव्हतं. झ्वोन्को रात्रीच घरी आला. म्हणाला, सण तोंडावर आलाय, मावशी मरेल हे बघून. मी म्हटलं, चिकटवून देतो."

"आणि दोन्ही टोकं घासलीस."

"सांधा नीट बसावा म्हणून." हे म्हणतानाही त्याच्या आवाजात थोडासा अभिमान होता, आणि तो ऐकून अल्बिनाला रडावं की त्याच्या थोबाडीत द्यावी ते कळेना. चाळीस वर्षं दगडाची टोकं सारखी करणारा माणूस. नवरदेवाचं टोकही त्याने खिडकीच्या उंबऱ्यासारखं घासलं होतं.

"आणि आत काय भरलंस?"

"राळ. चांगली राळ आहे, इटलीची. आम्ही कबरींना तीच..."

"अरे, ती नळी आहे! पोकळ नळी! त्यातून पाणी येतं! एक्केचाळीस वर्षं हेच बडबडतेय मी, तू मागे उभा राहून काय ऐकत होतास? तू तिच्या नवऱ्याचा गळा बुजवलास, कार्लो. आणि अकरा दिवस माझ्यासमोर बसून सूप प्यायलास!"

कार्लोने मान खाली घातली.

झ्वोन्कोने माइक हाताने झाकला होता. "मावशी, शांत व्हा. लोक बघतायत. टोक तेच आहे ना? दुसरं काही लावलेलं नाही. सण झाला की आपण तज्ज्ञांना बोलवू, सगळं नीट करू. आत्ता बँड वाजू दे."

"तज्ज्ञांना आधी का नाही बोलावलंस?"

"बोलावलं असतं तर त्यांनी गुहा बंद केली असती. सगळ्या हंगामासाठी. गावाचं काय झालं असतं? मी गावासाठीच केलं ना? आणि कुणाला कळणार होतं?"

"मला."

"तुम्हाला घरी थांबवायचा प्रयत्न केला होता आम्ही," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच कळलं की हे बोलायला नको होतं.

तर म्हातारी म्हणून नव्हतं. गुडघ्यासाठी नव्हतं. तिला डोळे आहेत म्हणून होतं. अल्बिनाला त्या क्षणी जो संताप आला तो शिडीचा नव्हता. शिडी लागते. विक्टोरकाकाची पैजही लागली होती, पण पडलेला सुळका हातात घेऊन तो स्वतःच्या पायांनी युस्टोसमोर आला होता. इथे सगळे मोजायला आले होते, आणि ज्याचं माप घ्यायचं ते आधीच घासून ठेवलं होतं.

ती पुन्हा नवरीकडे वळली. इतक्या दिवसांत त्या पांढऱ्या डोक्यावर धूळ बसली होती. असंच राहिलं तर पाणी वरच नवी वाट धरेल, पक्की करेल, आणि एकदा पाण्याने वाट बदलली की ते कुणाच्या सांगण्याने परत येत नाही. मग पत्र्याच्या डब्यावर सुळका वाढला असता, आणि झ्वोन्कोने त्यालाही नाव दिलं असतं.

"कार्लो, राळ निघते का?"

"नाही. दगड तुटेल, ती तुटायची नाही."

"म्हणजे वरून तोडावं लागेल. सांध्याच्या वर."

कार्लोचा चेहरा उतरला. "मी तोडतो," तो म्हणाला. "माझं काम आहे."

"तू नको. तू सरळ तोडशील."

तिने हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा तिची बोटं नवरदेवाला लागली. तो गार होता, आणि तिला वाटलं होतं त्याहून खरबरीत. एक मुलगी गर्दीतून ओरडली, "आजी, हात लावायचा नाही!" अल्बिना म्हणाली, "बरोबर आहे, बाळा." आणि अंगठ्याने दाबून तिने ती नळी सांध्याच्या नखभर वर मोडली.

आवाज अगदीच छोटा झाला, सुकी काडी मोडावी तेवढा. वर अडकून राहिलेलं पाणी धार धरून आलं, असेल चमचाभर, आणि नवरीच्या कोरड्या डोक्यावर पसरलं. खडूसारखा पांढरा रंग हळूहळू चमकू लागला. मग धार थांबली.

अल्बिना मोठ्याने मोजू लागली. दहाच्या पुढे गावातल्या बायकांनी तिच्या आवाजात आवाज मिसळला. तेवीस झाले. काही नाही. चोवीस, पंचवीस. तिचा आवाज फाटला. एकतिसाव्याला मोडक्या टोकाला थेंब जमला, फुगला, आणि पडला.

तिने डोळे पुसले नाहीत. मोडलेलं टोक झ्वोन्कोसमोर कठड्याच्या दगडावर ठेवलं, आणि गळ्यातली किल्ली काढून त्याशेजारी ठेवली. कार्लोने खिशातून त्याची किल्ली काढली आणि न सांगता तिच्या किल्लीजवळ ठेवली. पितळी वाद्यं सांभाळत बँडवाले बघत होते. सगळे झ्वोन्कोकडे बघत होते.

"मी काही मोडलेलं नाही," झ्वोन्को म्हणाला. "शिडी दिवेवाल्याची होती. चिकटवलं कार्लोकाकांनी. आत्ता मोडलंत तुम्ही, सगळ्यांनी पाहिलं. मी तर हातही लावलेला नाही."

आणि हे खरं होतं. संताप यायचा तो याचाच. युस्टोचा नियम मोडणाऱ्यासाठी होता. लपवणारा माणूस त्याच्या डोक्यातच आला नव्हता, बिचाऱ्याच्या. त्या दगडावर दोन किल्ल्या होत्या आणि तिसरी ज्याच्या खिशात होती तो नियमाप्रमाणे स्वच्छ होता.

"बरोबर आहे," अल्बिना म्हणाली. "तुझी किल्ली तुझ्यापाशी राहू दे. पण मला आता आत यायचं नाही, त्यामुळे मोजणार तू. ही धर."

तिने पट्टी त्याच्या हातात दिली. तो ती घेईना, तर तिने त्याची बोटं तिच्याभोवती मिटवली, लहानपणी त्याच्या हातात विजेरी दिली होती तशी.

"बूट काढ. आत ये. माइक चालू ठेव. दर बिनकोश्तीला सगळ्यांसमोर ही पट्टी इथे धरायची, वर किती जागा उरली ते मोठ्याने सांगायचं, आणि ती का उरली तेही सांगायचं. तुझ्यानंतर अध्यक्ष होईल तोही सांगेल. ही पट्टी पुन्हा बसायला साधारण चारशे वर्षं लागतील. तोवर सांगत राहा."

"मावशी, प्लीज..."

"बूट."

त्याने गर्दीकडे पाहिलं. कुणी त्याच्या मदतीला आलं नाही. त्याच्या खानावळीत रोज तेरान वाइन पिणारेही छताकडे बघू लागले. त्याने बूट काढले. एका मोज्याला भोक होतं. तो कठडा ओलांडून आला आणि पट्टी नवरीच्या डोक्याशेजारी उभी धरली.

"तीन बोटं," तो म्हणाला. माइकमधून ते सगळ्या गुहेत ऐकू गेलं.

"का?"

त्याने पट्टी पुन्हा सरळ केली, तसं त्याचं मनगट नवरीच्या डोक्यावर आलं. नवरदेवाच्या मोडक्या टोकाला पाणी जमलं, फुगलं, आणि त्याच्या मनगटावर पडलं.

"हात बाजूला घे," अल्बिना म्हणाली. "तो थेंब तिचा आहे."